प्राउटीबाईची लाकडी फरशी

समजा, तुम्हाला एका मातीच्या घरात पंचवीस माणसं नाचवायची आहेत. घर एकाच खोलीचं. भिंती गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेपांच्या, छतही तसलंच, आणि खाली तुडवून घट्ट केलेली माती. कुठून सुरुवात कराल? माणसं मोजत बसू नका, ती वाढणारच आहेत. आधी सामान बाहेर काढा. टेबल, बाकं, पिठाचं पिंप, कपड्यांची पेटी, मग पलंग, आणि सगळ्यात शेवटी शेगडी, तिच्या धुराच्या नळीसकट. बाहेर बर्फ असला तरी थंडीची काळजी नको. पंचवीस माणसांच्या अंगच्या उष्णतेनं खोली आपोआप तापते, वास येतो तो वरकड. मग खालच्या मातीवर पाणी शिंपडा. खरं कसब इथे आहे. पाणी कमी पडलं तर पहिल्याच फेरीत एवढी धूळ उठते की आपण कोणाचा हात धरलाय ते कळत नाही. जास्त पडलं तर चिखल होतो आणि एखाद्या बाईचा बूट त्यात राहून जातो. अगदी बेतानं पडलं तर थोडा वेळ बरा जातो, आणि मग धूळ उठतेच. पुन्हा शिंपडा. दिवस कलताना पाहुणे काळ्या नाकपुड्या घेऊन आपापल्या गाड्यांत बसतात, आणि घरची बाई जमिनीला पडलेल्या खळग्यांकडे बघत दारात उभी राहते.

रॅटल नाल्याच्या खोऱ्यात याला मजा म्हणत.

केझाया प्राउटी याला काहीच म्हणत नसे. ती नुसता नाकानं एक बारीक आवाज काढायची. खोऱ्यातल्या लोकांना तो आवाज चांगला ओळखीचा होता, पण तो सर्दीचा आहे असं त्यांचं मत होतं. यावरूनच ते लोक कसे होते ते समजावं.

नेब्रास्कात यायच्या आधी केझाया ओहायोत एका गिरणीमालकाच्या घरी कामाला होती. वयाच्या चौदाव्या वर्षी तिथे लागली आणि अठ्ठाविसाव्या वर्षी सुटली. त्या घराची फरशी मेपलच्या लाकडाची होती, आणि मालकीणबाईंना पाहुण्यांचा भारी सोस. महिन्यातून दोनदा मेजवानी व्हायची, नाच व्हायचा. दुसऱ्या दिवशी केझाया गुडघ्यांवर बसून फरशी घासायची. नाचणाऱ्यांची तोंडं तिनं फारशी पाहिली नाहीत, पण त्यांच्या टाचांची निशाणी तिला पाठ होती. हसणं त्यांचं, घासणं हिचं. त्या चौदा वर्षांत तिनं मनाशी एकच गोष्ट पक्की केली: आपल्या स्वतःच्या घरात लाकडी फरशी असेल, आणि तिच्यावरून आपल्याशिवाय कोणी चालणार नाही.

सरकार एकशे साठ एकर जमीन फुकट देतं, बाईमाणसालाही देतं, हे कळल्यावर ती आली. अट सोपी होती. जमिनीवर घर बांधायचं, पाच वर्षं त्यात राहायचं, थोडी जमीन कसायची. मग जमीन कचेरीत जायचं आणि दोन शेजाऱ्यांनी शपथेवर सांगायचं, की होय, ही इथे राहते. की जमीन तिची.

घर तिनं खळग्यात बांधलं, कारण तिथे जिवंत झरा होता, कडाक्याच्या थंडीतही न गोठणारा. पहिल्याच वर्षी, इतर लोक नवे बैल आणि कोट घेत होते तेव्हा, तिनं रेल्वे स्टेशनावरून पाइनच्या फळ्या आणल्या. रंधा मारलेल्या, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसणाऱ्या. वाटेत भेटेल त्याला तिनं सांगितलं, "कुंपणासाठी आहेत." पुढे तिच्या जागेला कुंपण कधीच आलं नाही, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

खाली आडव्या तुळया टाकून तिनं एकटीनं फळ्या बसवल्या. त्यातल्या चार फळ्या विलक्षण होत्या. गाठ नाही, डाग नाही, मधाच्या रंगाचे रेषे एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ गेलेले. त्या तिनं दक्षिणेच्या भिंतीकडे बसवल्या, जिथे खिडकीचं ऊन पडायचं, आणि त्यांच्यावर काहीही ठेवलं नाही. शेगडी पलीकडे कोपऱ्यात होती. पलंग उत्तरेच्या भिंतीला टेकवला. त्या भिंतीच्या फटीतून हिवाळ्यात बर्फाचा भुगा आत यायचा आणि सकाळी पांघरुणावर पांढरी रेघ असायची. चालायचंच. त्या चार फळ्या मोकळ्या राहायला हव्यात, एवढंच तिचं म्हणणं.

आणि ही गोष्ट खोऱ्यात कळू द्यायची नाही. कारण खोऱ्यात लाकडी फरशी कोणाचीच नव्हती, आणि ती कुठे आहे हे कळलं असतं तर सगळी पलटण दर शनिवारी तिथेच येऊन पडली असती. म्हणून केझायाकडे कोणी आलं की ती दार अर्धं उघडून उंबऱ्यात उभी राहायची. बोलणं बाहेर, निरोप बाहेर, उसनं पीठही बाहेर. पाच वर्षांत एकही माणूस आत गेला नाही. लोकांनी मग आपापल्या बुद्धीप्रमाणे कारणं शोधली. कोणी म्हणालं, तिनं आत नवरा लपवलाय. कोणी म्हणालं, पुरलाय.

यातलं काहीच केझायाला झोंबलं नाही. झोंबलं ते वेन्डलचं बोलणं.

वेन्डल हा लेवी बडलाँगचा पुतण्या. आयोवातून आला होता, जमीन हवी होती, पण स्वतः शोधायचा कंटाळा. आयत्या बिळावर नागोबा व्हायला टपलेला. केझायाचा झरा त्याला फार आवडला होता. ती महिन्यातले काही दिवस धुणीभांडी करायला गावात जायची हे त्यानं हेरलं, आणि त्या शरद ऋतूत सगळीकडे म्हणायला लागला, "ती बाई तिथे राहतच नाही. राहते गावात. घर खळग्यात आहे, धूर तरी कोणी पाहिलाय? मे महिन्यात ती कचेरीत गेली की मी हरकत घेणार."

साक्षीला दोन शेजारी हवेत आणि शेजारी हे असले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसं केझायानं ठरवलं, की हा हिवाळाभर एकही जमणं चुकवायचं नाही. तिचा हिशेब सरळ होता. आपण सगळ्यांना सतत दिसत राहिलो, तर आपण इथे राहतो हे सांगायला त्यांना जड जाणार नाही.

मग तिनं ते सगळं सोसलं.

नाच म्हणून कोणी नाचत नसे, हे आधी सांगायला हवं. नाच पाप होता. महिन्यातून एकदा घोड्यावरून येणाऱ्या पाद्रीनं तसं स्पष्ट सांगितलं होतं, विशेषतः फिडल हे सैतानाचं वाद्य आहे म्हणून. तेव्हा फिडल बंद झालं. त्याऐवजी सगळे रांगेत उभे राहून तोंडानं गायचे, तेच हात धरायचे, त्याच गिरक्या घ्यायचे, आणि याला खेळ म्हणायचे. फिडलवर पाय हलला तर नरक. घसा फोडून तोच पाय हलवला तर करमणूक. "देवाला कान दिलेत, डोळे दिले नाहीत, असं यांचं मत दिसतंय," केझाया एकदा पुटपुटली. शेजारी बसलेल्या बाईला वाटलं ती प्रार्थना करतेय. तिनं मान झुकवली.

गाणी सांगायचं काम लेवी बडलाँगचं. सगळे त्याला लेवीकाका म्हणत. पोट सुटलेलं, आवाज मोठा, सूर कुठलाही. तो मध्यभागी उभा राहून टाळ्या देत ओरडायचा, "धरा जोडी, फिरवा जोडी, सोडा शेजाऱ्याच्या दारी!" आणि मग थांबून, दर वेळी, अगदी दर वेळी म्हणायचा, "बायांनो, नवरे बदला खुशाल, फक्त घरी जाताना आपापले घेऊन जा." लोक हसायचे. मागच्या शनिवारी हसले होते तितकेच. केझायानं त्यांच्या तोंडांकडे बारकाईनं पाहिलं होतं. ते खोटं हसत नव्हते. हेच तर भयंकर होतं.

शिवाय ते याकुब हाव्लिकला रांगेत उभं करायचे. हा बोहेमियाचा, एकटा राहणारा, बैलाएवढ्या ताकदीचा माणूस. त्याला गाण्यातलं अक्षर कळत नसे, त्यामुळे तो नेहमी उलट दिशेला फिरायचा आणि कोणाच्या तरी पायावर यायचा. त्याचा पाय पडला की ओरडायचं, तो 'माफ करा' म्हणाला की हसायचं. हाही एक खेळच.

खाणं म्हणजे मक्याची भाकरी, काकवी, आणि भाजलेल्या मक्याची कॉफी, जी कॉफीसारखी फक्त दिसते. मग बायका एका कोपऱ्यात बसून गैरहजर बाईबद्दल बोलायच्या. केझाया आता नेहमी हजर, त्यामुळे तिच्याबद्दल बोलण्याची त्यांची सोय गेली होती. त्या तिच्याकडे जरा नाराजीनंच बघायच्या.

जानेवारी संपता संपता, लेवीच्याच घरी, तिनं त्याला गाठलं. तो पाणी शिंपडत होता आणि ते जास्त पडलं होतं.

"लेवीकाका," ती म्हणाली, "मे महिन्यात माझी पाच वर्षं भरतायत. साक्षीला याल ना?"

लेवीनं बादली खाली ठेवली. "मी? येईन की. शेजारधर्म आहे. पण प्राउटीबाई, सांगू काय?"

"मी इथे राहते ते सांगा."

"ते मी कुठं पाहिलंय?"

"कुठं पाहिलंय म्हणजे? प्रत्येक शनिवारी पाहताय मला."

"हो, माझ्या घरी." लेवी आता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागला होता, त्याला दुसरं बोलताच येत नसे. "माझ्या घरी पाहिलं. हाव्लिककडे पाहिलं. शाळेत पाहिलं. जिथं भाकरी असेल तिथं पाहिलं. पण बाई, कचेरीतला माणूस विचारणार, तिच्या घरात ती दिसली का? मी काय सांगू? हिवाळाभर ती कुठल्याच शनिवारी घरी नव्हती?"

आख्खी खोली हसली. भिंतीला टेकून उभा असलेला वेन्डल सगळ्यात जास्त हसला.

"दारात पाहिलंयत मला," केझाया म्हणाली. "पीठ न्यायला आला होतात."

"दारात भूतसुद्धा उभं राहतं," लेवी म्हणाला. मग जरा आवाज उतरवून, "बाई, मी देवाच्या पुस्तकावर हात ठेवणार. आत काय आहे, चूल आहे की नाही, तुम्ही झोपता कशावर, मला ठाऊक नाही. ठाऊक नाही ते कसं सांगू?"

लेवीची बायको ऑर्फा बाकावरून म्हणाली, "मग एकदा बोलवा ना आम्हाला. पुढचं जमणं तुमच्याकडे."

सगळे केझायाकडे बघायला लागले. कुतूहलानं नुसते फुटायला आले होते.

केझायानं नाकानं तो आवाज काढला.

"तब्येत सांभाळा," ऑर्फा म्हणाली. "सर्दी फार दिवस राहिली तुमची."

घरी जाताना केझायानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला मूर्ख म्हटलं. एक फरशी वाचवण्यासाठी तिनं पाच वर्षं दार लावून ठेवलं होतं. आणि दार लावून ठेवलं म्हणून आता फरशीखालची जमीनच जायची वेळ आली होती. बरं, हे दाखवून कोणी दिलं? लेवी बडलाँगनं. ज्याला बादलीनं पाणी नीट शिंपडता येत नाही त्यानं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी, तिच्याच बोलावण्यावरून, दुपारची जेवणं आटोपून, ते आले. गाड्यांतून, घसरगाड्यांतून, पायी. केझाया उंबऱ्यात उभी राहिली.

"बूट बाहेर काढा," ती म्हणाली.

"का?" लेवीनं विचारलं.

"मी सांगते म्हणून."

"बाई, फेब्रुवारी आहे." लेवी मागे वळून म्हणाला, "कोणाचे मोजे अख्खे आहेत का रे?" मागे हशा पिकला. "एकाचेही नाहीत. बूट राहू द्या. आत कसला राजवाडा आहे असा?"

केझाया बाजूला झाली.

लेवी आत गेला, दोन पावलं टाकली आणि थांबला. त्याच्या बुटाचा आवाज झाला होता. त्यानं खाली पाहिलं, आणखी एक पाऊल टाकलं. पुन्हा आवाज. मागून येणारे त्याच्यावर आदळले. मग हाव्लिकनं मुद्दाम टाच आपटली, आणि ती सगळी थोराड माणसं पोरांसारखी हसायला लागली.

ऑर्फा खाली बसली. तिनं हातमोजा काढून तळवा फळीवर ठेवला. "लग्नानंतर मी फळीवर पाय ठेवलेला नाही," ती म्हणाली.

"मग ठेवा," केझाया म्हणाली. "हात कशाला ठेवताय?"

फळीला हात लावून डोळ्यांत पाणी आणणाऱ्या बाईचं काय करायचं, हे केझायाला ठाऊक नव्हतं. मेपलवर नाचणाऱ्या गिरणीमालकाच्या पाहुण्यांनी निदान फरशीला फरशी समजून तुडवलं होतं.

मग सामान बाहेर निघायला लागलं. हे बघणं तर नाचाहून वाईट. पाच वर्षं जे फक्त तिच्या हाताला ठाऊक होतं ते एकेक पंचवीस जणांच्या हातांतून जात होतं, आणि प्रत्येकाला त्यावर काहीतरी बोलायचंच होतं.

"या कपाला कान नाही."

"अरे, पिठाच्या पिंपात काय ठेवलंय, दगड?"

"पिठावर झाकण म्हणून ठेवलाय. उंदरांसाठी," केझाया म्हणाली.

"उंदराला दगड खाऊ घालते बाई," लेवी म्हणाला, आणि तेही विनोदात जमा झालं.

पलंग वेन्डलनं उचलला. एका बाजूनं त्यानं, दुसरीकडून आणखी कोणी. "एक पाय आखूड आहे याचा," तो ओरडला. "खाली वीट लावलीय. आणि गादीत काय भरलंय, मक्याची सालं? टोचत नाहीत?"

"तुला झोपायचंय का तिच्यावर?" केझायानं विचारलं, आणि वेन्डलचे कान लाल झाले. हिवाळाभरातलं तिचं हे एकच वाक्य असं, ज्याला लोक हसले. तिला त्याचा अजिबात आनंद झाला नाही, असं ती स्वतःला सांगत राहिली.

शेगडी लेवी आणि हाव्लिकनं काढली. आतल्या रानशेण्या विझल्या होत्या, पण लोखंड अजून गरम होतं. दारात लेवीचा अंगठा शेगडी आणि चौकटीच्या मध्ये सापडला आणि त्यानं पाद्रीला न आवडणारा एक शब्द काढला. मग कोनाड्यातली पुस्तकं, टोपीची पेटी, धुण्याचा पाट, सगळं बर्फात जाऊन उभं राहिलं, आणि खोलीत फक्त फळ्या राहिल्या.

नाचले ते. खेळले म्हणायचं तर खेळले. पण त्या दिवशी लेवीनं नवऱ्यांचा विनोद केला नाही. केला असेल तर ऐकू आला नाही, कारण पन्नास बुटांचा एका तालात आवाज होत होता आणि घर खालून नगाऱ्यासारखं घुमत होतं. त्यांनी आजवर धुळीत पाय मारले होते. आपला पाय वाजतो हे त्यांना माहीतच नव्हतं. आता ते फक्त आवाजासाठी आपटायला लागले. नाचता येईना अंगण वाकडं, असं पाच वर्षं म्हणता आलं होतं. आता अंगण सरळ मिळालं आणि नाच तसाच होता. हाव्लिक तसाच उलट फिरत होता. फक्त आज, कोणाच्या पायावर आला तरी, तालात येत होता.

केझाया भिंतीला पाठ लावून उभी होती. कोणाच्या टाचेखाली खिळे आहेत ते ती आवाजावरून ओळखत होती. चौदा वर्षांचं शिक्षण.

ऊन उतरायला लागलं तसे ते निघाले, कारण वारा फिरला होता. घाईघाईत सामान परत आत आलं. केझाया तेव्हा झऱ्यावरून घोड्यांना पाणी देत होती. दुसरं कोणी ते करणार नव्हतं. ती परत आली तेव्हा शेवटची गाडी चढाला लागली होती. लेवी मागे हात हलवत ओरडत होता, "पुढच्या शनिवारी पुन्हा!"

आत सगळं जागेवर होतं. निदान तसं वाटलं. शेगडी कोपऱ्यात, पेटलेलीसुद्धा. टेबल, बाकं, पिंपावर दगड. मग तिला दिसलं, की पलंग उत्तरेच्या भिंतीला नव्हता. तो दक्षिणेकडे होता, तिच्या त्या चार फळ्यांवर, खिडकीखाली. आणि आखूड पायाखाली वीट नव्हती. कोणीतरी लाकडाची पाचर मारली होती, नेमकी मापाची. तिनं हलवून पाहिला. पलंग डुगडुगला नाही.

ती चिडली, पण दमली होती. उद्या हलवू म्हणून आडवी झाली. सकाळी उठली तेव्हा पांघरुणावर बर्फाची रेघ नव्हती. शेगडीची ऊब इथवर येत होती आणि उत्तरेचा वारा येत नव्हता. पाच हिवाळे ती चुकीच्या भिंतीला झोपली होती. अंथरुणात पडल्या पडल्या ती छताकडे बघत राहिली. त्या पंचवीस मूर्खांत कोणीतरी एक होता, ज्यानं खोलीत शिरून वारा कुठून येतो ते पाहिलं, शेगडी कुठे आहे ते पाहिलं, आणि काही न बोलता पलंग योग्य जागी लावला. विचार करणारा एक माणूस. या खोऱ्यात. तिला ते पटेना, पण ऊब खोटी नव्हती.

मग ती उठली, पाणी तापवलं आणि गुडघ्यांवर बसून घासायला लागली. टाचांचे डाग, चिखल, खिळ्यांचे टोचे. दक्षिणेकडे आली आणि पलंगाखाली हात घातला.

बोटांना खाच लागली.

तिनं पलंग ओढला. चार फळ्यांपैकी मधल्या दोन्हींवर आडवा एक ओरखडा होता, हातभर लांब, बोट बसेल एवढा खोल. लोखंडाचा. शेगडीचा पाय असेल, पलंगाचा असेल, आणखी कशाचा असेल. ताजं लाकूड आतून पांढरं दिसत होतं. ओरखडा बरोबर पलंगाच्या मधोमध येत होता. त्याहून नीट झाकता आला नसता.

फडक्यातलं पाणी गार झालं. मग तिनं पलंग ढकलून परत होता तिथेच ठेवला. तो ओरखडा रोज बघायचा नव्हता म्हणून ठेवला, की ऊब हवी होती म्हणून, हे तिलाही सांगता आलं नसतं.

मे महिन्यात कचेरीत वेन्डल आला, हरकत घेऊन. साक्षीला लेवी आणि हाव्लिक. टेबलामागचा अधिकारी म्हातारा होता, ऐकून ऐकून कंटाळलेला.

"ही बाई तिथे राहते, हे तुम्हाला कशावरून ठाऊक?" त्यानं विचारलं.

"तिचं घर मी हातानं बाहेर काढलंय," लेवी म्हणाला. "शेगडी आहे, आणि खरी आहे. हे बघा." त्यानं अंगठा टेबलावर ठेवला. नख अजून काळं होतं. "पिठाचं पिंप आहे, त्यावर दगड आहे, उंदरांसाठी. कान नसलेला कप आहे. टोपीची पेटी आहे, टोपी मात्र ती कधी घालत नाही. ज्या बाईला गावात राहायचंय ती असली शेगडी ठेवत नाही साहेब, ती उचलता उचलता माणसं मरतील."

हाव्लिकला इंग्रजी बेताचंच. तो म्हणाला, "चूल गरम होती. मी धरली." आणि तळहात दाखवला.

अधिकारी वेन्डलकडे वळला. "तुमचं म्हणणं, घर रिकामं आहे. तुम्ही आत गेला होतात?"

लेवीनं घसा खाकरला.

"गेलो होतो," वेन्डल म्हणाला.

"आत पलंग होता का?"

"होता."

"कशावरून?"

"मी उचलला. एक पाय आखूड आहे. खाली वीट होती," वेन्डल म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याला बोलल्यावर कळलं.

अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. हरकत संपली. केझायाची जमीन झाली. ज्या खुळ्या रिवाजानं तिच्या फरशीची वाट लावली त्यानंच तिला एकशे साठ एकर दिले, आणि यात अक्कल अशी कोणीच खर्च केली नव्हती.

"प्राउटीबाई," अधिकारी टाक पुसत म्हणाला, "तुम्हाला या तिघांना काही विचारायचं असेल तर आता विचारू शकता. तिघेही शपथेवर आहेत."

केझायानं तिघांकडे पाहिलं. लेवी अंगठा कुरवाळत होता. हाव्लिक आपल्या टोपीकडे बघत होता. वेन्डल दाराकडे. पलंग बाहेर कोणी नेला ते सगळं लिहून झालं होतं. आत कोणी आणला, ते कोणी विचारलंच नव्हतं. आणि शपथेवर असलेले हे तिघे पुन्हा असे एका बाकावर सापडायचे नव्हते.

"काही नाही," ती म्हणाली. आपण कोणाचे तरी उपकार शोधतोय, हे या लोकांना कळू देण्यापेक्षा ती उरलेला जन्म उत्तरेच्या भिंतीला झोपली असती.

घरी ती त्यांच्याच गाडीतून गेली. लेवी वाटभर गात होता. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी, शनिवारी, ते तिच्या घरी येतात, पलंग बाहेर काढतात आणि नाचतात, आणि केझाया भिंतीला पाठ लावून उभी राहते. सामान परत आत येताना आता ती झऱ्यावर जात नाही. एकेकाच्या हातांकडे बघते. पलंग दर वेळी वेगळाच कोणीतरी आणतो, आणि दर वेळी ती सांगते तिथेच ठेवतो, त्यामुळे कळत काहीच नाही.

त्या दिवशी त्या माणसानं आधी वारा पाहिला होता, की आधी ओरखडा?